पाळीच्या आधी चेहऱ्यावर पुळ्या का येतात? मेडिकलवरून ट्यूब आणण्याआधी हे वाचा

वाडी (वडोदरा) : पाळी यायला आठवडा उरला की हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला एक दुखरी पुळी उठते. पाळी येऊन गेली की ती बसते, पण काळा डाग मागे ठेवते. डाग फिका पडेपर्यंत पुढचा महिना येतो आणि त्याच जागी दुसरी पुळी हजर. ही कहाणी वाडीतल्या एखाद्या घरातली असू शकते, तशीच नंदुरबार-नवापूरच्या घरातलीही. मुलगी आरशासमोर रडवेली होते, आई म्हणते, "सेव-उसळ कमी खा," आजी म्हणते, "रक्त बिघडलंय," आणि शेवटी कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन येतं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी फारसं नुकसान होत नाही. तिसऱ्या गोष्टीने होतं, आणि कधी कधी वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

गायकवाडी काळापासून बडोद्याच्या जुन्या शहरात वसलेल्या मराठी कुटुंबांत पाळीविषयी आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोललं जातं. "कावळा शिवला" म्हणणारी पिढी मागे पडली. पण पाळी आणि त्वचा यांचा संबंध अजूनही नीट कुणी समजावून सांगत नाही. पुळ्यांना मराठीत तारुण्यपीटिका किंवा मुरुम म्हणतात, शेजारच्या गुजराती घरात खील म्हणतात, आणि कॉलेजच्या मुली दोन्हीकडे पिंपल. नाव काहीही घ्या, मुळाशी जे चाललेलं असतं ते सारखंच.

महिन्याचा जमाखर्च

पाळीचं चक्र सरासरी २८ दिवसांचं धरतात, पण २१ ते ३५ दिवसांमधलं कुठलंही चक्र प्रौढ बाईसाठी सर्वसाधारण मानलं जातं. पाळीचा पहिला दिवस तोच चक्राचा पहिला दिवस. त्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही स्त्री-हार्मोन्स तळाला असतात. त्वचा कोरडी आणि थोडी निस्तेज वाटते. ज्यांना रक्तस्राव जास्त होतो आणि हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, त्यांचा चेहरा फिकट दिसतो. तो दोष त्वचेचा नसतो, त्यावर उपाय लोहाच्या गोळ्यांचा.

रक्तस्राव थांबता थांबता इस्ट्रोजेन चढायला लागतं आणि बीज सुटण्याच्या आधी, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी, शिखर गाठतं. इस्ट्रोजेन त्वचेत पाणी धरून ठेवायला मदत करतं, कोलॅजेन टिकवतं, जखम भरून यायला हातभार लावतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात "आज चेहरा छान दिसतोय" असं जे ऐकायला मिळतं, त्यात तथ्य असतं.

खरी गडबड पुढच्या पंधरवड्यात होते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर चढतं. इस्ट्रोजेन मध्ये एकदा थोडं वर येतं, आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही एकदम खाली येतात. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्सही थोड्या प्रमाणात असतातच. ती अंडाशयातून आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींतून येतात. त्यांची पातळी महिनाभरात फारशी हलत नाही. पण समोरच्या बाजूचं इस्ट्रोजेन उतरलं की त्याच टेस्टोस्टेरॉनचं पारडं आपोआप जड होतं. खात्यात रक्कम तेवढीच, पण देणं वाढलं की शिल्लक वेगळी दिसते, तसंच हे.

पुरुषी हार्मोनची खूण तेलग्रंथीला पटकन कळते. या ग्रंथी चेहरा, छाती आणि पाठीवर सर्वांत दाट असतात. तिथे तेल जास्त सुटतं, केसाच्या मुळाशी मृत पेशी चिकटून तोंड बुजतं, आत नेहमी राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. प्रोजेस्टेरॉन स्वतः थेट तेल वाढवतं की नाही, यावर मात्र त्वचातज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक वेगळंच स्पष्टीकरण मांडलं होतं. त्यांनी तेलग्रंथीच्या नळीचं तोंड महिनाभर मोजून पाहिलं, तेव्हा ते चक्राच्या उत्तरार्धात अरुंद होत असल्याचं त्यांना दिसलं. तेल तेवढंच असलं तरी वाट अडली की ते तुंबणार, हा त्यांचा मुद्दा. आज सगळी कारणं एकत्र धरली जातात.

हे किती जणींना होतं? अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ४०० बायकांच्या पाहणीत ४४ टक्के बायकांनी पाळीच्या आधी पुळ्या वाढतात असं सांगितलं. त्यात लक्षात राहण्याजोगी बाब अशी, की ३३ वर्षांपुढच्या बायकांत हे प्रमाण तरुणींपेक्षा जास्त निघालं. म्हणजे "आता या वयात काय पिंपल्स" म्हणून लाजायचं काही कारण नाही. पुळ्या हा फक्त सोळाव्या वर्षाचा मामला नाही.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ही गोष्ट ठाऊक होती. सुश्रुत संहितेत 'मुखदूषिका' म्हणून तिचं वर्णन आहे आणि पुळीला सावरीच्या काट्याची उपमा दिलेली आहे. सावरीचं खोड ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना ती लगेच पटेल.

पुळी आज दिसते, सुरुवात महिना-दीड महिना आधीची

इथे बहुतेकांची फसगत होते. वर आलेली पुळी कालपरवाची वाटते, पण त्वचेच्या आत केसाच्या मुळाचं तोंड बुजायला सुरुवात काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. ते बुजलेलं छिद्र डोळ्यांना दिसत नाही. पाळीच्या आधी हार्मोन्स फिरली की त्यातली काही छिद्रं सुजून वर येतात. त्यामुळे पुळी आल्यावर तिच्यावर टूथपेस्ट, लिंबू, लसूण किंवा खायचा सोडा लावणं म्हणजे दूध ऊतू गेल्यावर गॅस बंद करणं. शिवाय लिंबाने आणि टूथपेस्टने त्वचा भाजते. आपल्या गहूवर्णी, सावळ्या त्वचेत भाजलेल्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि डाग महिनोन् महिने राहतो. पुळी फोडल्यावर होतं तेही हेच. गोऱ्या कातडीच्या देशांत पुळीचा त्रास मुख्यतः पुळीचा असतो, आपल्याकडे तो अर्धा डागाचा असतो.

डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडापॅलिन असलेलं मलम देतात तेव्हा ते फक्त पुळीवर टिपक्यासारखं लावायचं नसतं. पुळ्या जिथे जिथे येतात त्या सगळ्या भागावर, महिनाभर, पुळी नसतानाही लावायचं असतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे दोन-तीन पाळ्या जाऊ द्याव्या लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून मलम टाकून देणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पुढे वाकड्या वाटेला लागतात.

वाकडी वाट : गोरं करणारी ट्यूब

ही वाट मेडिकलच्या काउंटरवरून सुरू होते. मैत्रिणीने सांगितलं, मावशीने वापरलं, पार्लरवाल्या ताईंनी सुचवलं, दुकानदाराने "ही चांगली चालते" म्हणून पुढे केली. ट्यूब स्वस्त असते. दोन दिवसांत पुळी बसते, आठवड्यात चेहरा उजळतो. मुलीला वाटतं, सुटलो.

अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. ते सूज झटक्यात दाबतं, म्हणून परिणाम जादूसारखा वाटतो. पण रोज चेहऱ्यावर लावत गेलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की जळजळते, गालावर नकोसे केस येतात, आणि ज्या पुळ्यांसाठी ती लावली त्याच पुळ्या स्टेरॉइडमुळे नव्याने उठतात. ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होऊन भडकतो. मग घाबरून परत तीच ट्यूब. व्यसनासारखं हे चक्र चालतं, आणि त्वचाशास्त्रात त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला चेहरा असंच नाव पडलेलं आहे.

हा प्रश्न किती पसरला आहे ते २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. देशभरातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावत होते. निम्म्याहून जास्त लोकांना ते कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. बरेच जण ते गोरं होण्याचं क्रीम किंवा पुळ्यांचं औषध म्हणूनच वापरत होते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. कायदा झाला, पण तो प्रत्येक काउंटरवर पाळला जातो असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा निदान खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय घरात लावायला हवी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं एखादं नाव दिसलं की ती ट्यूब स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावायची नाही. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं त्रिकुटही असतं. ते वांगासाठी डॉक्टर ठरावीक आठवडे देतात, घरातल्या सगळ्या बायकांनी वर्षभर वापरायचं म्हणून देत नाहीत. आधीच लावत असाल तर एकदम फेकूनही देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवा, सोडवण्याची पद्धत असते.

बघायला येणार म्हणून पंधरा दिवस आधी अशी ट्यूब सुरू करणाऱ्या घरांना एवढंच सांगण्यासारखं आहे, की लग्नाच्या फोटोत तो चेहरा कदाचित उजळ दिसेल, पण त्यानंतरच्या वर्षात त्याचं बिल मुलीलाच भरावं लागेल.

गौरी-गणपती, नवरात्र आणि पाळी पुढे ढकलायची गोळी

बडोद्याचा गरबा आणि मराठी घरातल्या गौरी, दोन्ही तीन-चार आठवड्यांच्या अंतराने येतात. घरात सत्यनारायण, लग्न, देवदर्शनाची ट्रिप असली की पाळीची तारीख मोजली जाते आणि गोळी आणली जाते. ही गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीतलं कृत्रिम हार्मोन. गोळ्या चालू आहेत तोवर पाळी थांबते, बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत येते.

या औषधाचा थोडा कल पुरुषी हार्मोनकडे असतो. एकदा चार-पाच दिवस घेतली म्हणून चेहरा बिघडेलच असं नाही, पण श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीन-चार वेळा घेणाऱ्या बाईला पुळ्या वाढल्याचं जाणवू शकतं. त्याहून मोठी काळजी रक्ताच्या गुठळीची आहे. जिला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली आहे, यकृताचा आजार आहे, डोळ्यापुढे चमकणारी अर्धशिशी आहे, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊ नये. आणि अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक नसते, हेही अनेकींना माहीत नसतं. देवासाठी पाळी थांबवावी का, हा प्रत्येक घराचा प्रश्न. पण गोळी मुलीच्या पोटात जाते, तेव्हा निदान तिला विचारून आणि डॉक्टरांना विचारून जावी.

नवरात्रीच्या नऊ रात्रींचा चेहऱ्यावर वेगळा भार पडतो. जाड मेकअप, घाम, रात्री दोन वाजता न धुता झोपणं. त्यात पाळीच्या आधीचे दिवस आले की पुळ्यांना सुगी. घरी आल्यावर कितीही दमलेलं असलं तरी मेकअप उतरवून सौम्य फेसवॉशने तोंड धुणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

कुटुंबनियोजनाची साधनं आणि चेहरा

या बाबतीत सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या साधनांत फरक आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. 'माला-एन'सारख्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर्गीय अशी दोन्ही हार्मोन्स असतात. दोन्ही हार्मोन्सच्या गोळ्यांनी पुळ्या बहुतेक वेळा कमी होतात, आणि काही विशिष्ट गोळ्या डॉक्टर पुळ्यांसाठी म्हणूनही देतात. पण धूम्रपान, रक्तदाब, गुठळीचा इतिहास, अर्धशिशी हे सगळं तपासूनच. २०१७ पासून देशभर दिलं जाणारं 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. त्यात फक्त प्रोजेस्टेरॉनवर्गीय हार्मोन आहे, त्यामुळे काहींना पुळ्या येऊ शकतात. त्याच सुमाराला आलेली 'छाया' गोळी हार्मोनची नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या सेंटक्रोमॅनची, म्हणजे जुन्या 'सहेली'चीच बहीण. तांबीमध्ये हार्मोन नसतं, त्यामुळे तिच्यावर चेहऱ्याचं खापर फोडता येत नाही. हार्मोन सोडणाऱ्या महागड्या तांबीने मात्र काही जणींच्या पुळ्या वाढतात.

पुळीपलीकडे

पुळ्या सगळ्यांना दिसतात म्हणून त्यांचीच चर्चा होते. पण पाळीच्या आधी आणि पाळीत त्वचेचा संरक्षक थर थोडा कमजोर होतो, त्यातून पाणी जास्त उडून जातं. ज्यांना एक्झिमा आहे त्यांची खाज याच दिवसांत वाढते, सोरायसिस असलेल्या काहींनाही हा अनुभव येतो. ओठावर तापाच्या पुळ्या, म्हणजे नागिणीच्या जातकुळीतला हर्पीस, काही जणींना पाळीच्या आसपासच उठतो. तेव्हा ब्लीच, फेशियल, रासायनिक पील असल्या गोष्टी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात कराव्यात. खर्च तेवढाच, त्रास कमी.

अगदी क्वचित एखाद्या बाईला दर महिन्याला पाळीच्या तीन ते दहा दिवस आधी अंगभर पित्ताच्या गांधी किंवा पुरळ येतं आणि पाळी आल्यावर नाहीसं होतं. स्वतःच्याच प्रोजेस्टेरॉनला शरीर उलटून प्रतिसाद देतं असा हा आजार आहे. पहिलं वर्णन १९२१ सालचं. दुर्मीळ आहे, पण "दर महिन्याला ठरावीक दिवशी अॅलर्जी" असं कुणी सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नये.

वांग ही वेगळी गोष्ट. त्याला हार्मोन आणि ऊन दोन्ही लागतात. गरोदरपणात आणि गोळ्यांवर असताना ते वाढतं. दुचाकीवरून भर दुपारी फिरणाऱ्या बायका ओढणीने चेहरा गुंडाळतात ते चांगलंच, पण घामाने भिजलेली ओढणी दिवसभर हनुवटीवर घासत राहिली तर तिथेही पुळ्या येतात. हेल्मेटच्या पट्ट्यानेही येतात. हनुवटीवर आली म्हणजे हार्मोनचीच, असा शिक्का लगेच मारू नये. ओढणी रोज धुतली आणि दोन महिन्यांत फरक पडला, तर प्रश्न सुटला.

पॅडमुळे मांड्यांच्या सांध्यात लाल पुरळ येणं ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार, पण ती सांगायला मुली लाजतात. ओलावा, घर्षण आणि कधी सुगंधी पॅडमधलं रसायन ही त्याची कारणं. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं, सुगंधी घेऊ नये, कपडा वापरत असाल तर उन्हात वाळवावा, कपाटामागे नाही. ते गोल कडा असलेलं गजकर्ण असेल तर तिथेही तीच स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली जाते आणि गजकर्ण हट्टी होऊन बसतं.

नुसती पुळी नसते तेव्हा

दर महिन्याला पाळी वेळेवर येते आणि आधी दोन-चार पुळ्या येतात, तर काळजीचं कारण नाही. पण पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, कधी दोन-तीन महिने येतच नाही, हनुवटीवर आणि वरच्या ओठावर राठ केस येतात, डोक्याचे केस भांगात विरळ होतात, मानेच्या मागे काळपट मखमली पट्टा दिसतो, अशी चिन्हं एकत्र दिसली तर पीसीओएसची तपासणी करायला हवी. मानेवरचा तो काळा पट्टा मळ म्हणून घासणाऱ्या आया पुष्कळ आहेत. तो मळ नसतो, शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. घासून जात नाही, वजन आणि साखर आटोक्यात आली की हळूहळू फिका होतो.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींची पाहणी केली होती, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. एका निकषाने २२.५ टक्के मुलींत पीसीओएस आढळला, दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के. कडक आकडा धरला तरी दहा मुलींत एक. एवढ्या तफावतीचं कारण असं, की एका निकषात तीनपैकी कुठल्याही दोन खुणा चालतात, दुसऱ्यात पुरुषी हार्मोन वाढल्याचा पुरावा लागतोच. त्यामुळे एका सोनोग्राफीच्या कागदावर "पीसीओ" लिहून आलं म्हणून मुलीला आजारी ठरवू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं अंडाशय तसेही गाठीगाठींचे दिसतात आणि पाळी मागेपुढे होते. त्या वयात फक्त सोनोग्राफीवरून निदान करत नाहीत.

पुळ्या फार खोल, गाठी होणाऱ्या असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देऊ शकतात. औषध गुणकारी आहे, पण त्यावर असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून बंद केल्यावर महिनाभरापर्यंत गर्भ राहू देऊ नये. लग्न ठरलेल्या मुलीने ही माहिती डॉक्टरांना स्वतःहून द्यावी. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.

आणि सेव-उसळीचं काय? तिखट-तेलकटाने पुळ्या येतात याला भक्कम पुरावा नाही. गोड, मैदा, थंड पेयं आणि काही जणींत दूध यांच्याशी मात्र पुळ्यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. पाळीच्या आधी गोड खावंसं वाटतं, नेमकं तेव्हाच. उसळीबरोबरच्या पावाकडे आईने बोट दाखवलं असतं, तर तिचं म्हणणं थोडं तरी टिकलं असतं.

चाळिशीनंतर हे गणित पुन्हा बदलतं. पाळी मागेपुढे होऊ लागते, इस्ट्रोजेन घसरतं, हनुवटीवर एखादा राठ केस आणि त्याच महिन्यात पुळी, असा दुहेरी कारभार चालतो. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं असं अभ्यास सांगतात. त्वचा पातळ आणि कोरडी होते ती यामुळे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा अंगाला तेल लावावं. चेहऱ्याला खोबरेल मात्र नको, ज्यांना पुळ्या होतात त्यांची छिद्रं त्याने बुजतात.

कालनिर्णयवरचा ठिपका

१९७३ पासून मराठी घरांच्या भिंतीवर असलेलं कालनिर्णय दुधाच्या हिशेबाला आणि गॅसच्या नंबराला जसं उपयोगी पडतं, तसंच इथेही पडतं. पाळीच्या पहिल्या दिवशी एक ठिपका, नवीन पुळी आली त्या दिवशी फुली. मोबाइलवर नोंद ठेवली तरी चालेल. तीन महिन्यांत फुल्या ठिपक्याच्या आधीच्या आठवड्यात गोळा झाल्या तर संबंध पाळीशी आहे. फुल्या महिनाभर विखुरल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधायचं, ओढणीत, केसांच्या तेलात, एखाद्या क्रीममध्ये किंवा औषधात.

डॉक्टरांकडे जाताना हा कागद, लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. ते १९४९ साली सुरू झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. विभागाचं 'स्किन-व्हीडी' हे जुनं नाव वाचून मुली दारातूनच परततात, तर परतू नये, पुळ्यांचे रुग्णही तिथेच बघतात. सीमेच्या अलीकडच्या वाचकांना धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडेल. किशोरवयीन मुलींसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक चालतात, तिथे पाळीच्या तक्रारी घेऊन जाता येतं. केस, पाळी आणि वजन तिन्ही बिघडलं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावं लागतं. रक्ताच्या काही हार्मोन तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करायच्या असतात, म्हणून तारीख विचारूनच जावं, नाहीतर एक फेरी फुकट जाते.